आठवडाभराचं प्रोटीनचं जेवण, रविवारच्या तीन तासांत: कोकणातल्या स्वयंपाकघरासाठी

आठवड्याचं जेवण एकदम करून ठेवायचं म्हणून अनेक जण रविवारी उत्साहाने उभे राहतात आणि बुधवारी अर्धं जेवण गुरांच्या पाटीत ओततात. चूक बहुतेक वेळा एकच असते. ओल्या खोबऱ्याचं वाटप घातलेली तयार आमटी, तयार कालवण, तयार उसळ मोठ्या टोपात करून ठेवली जाते. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत ओलं खोबरं टिकत नाही, आणि मासळी तर त्याहून कमी. म्हणून या लेखातली सगळी पद्धत एका गोष्टीभोवती आहे: रविवारी कडधान्यं शिजवून ठेवायची, मासळी साफ करून गोठवायची, भाजकं वाटण तयार ठेवायचं, खोबरं, कोकम आणि फोडणी मात्र रोजच्या रोज.

खालचा हिशोब तीन माणसांच्या घराचा आहे. तुमच्याकडे माणसं जास्त असतील तर त्या प्रमाणात वाढवा.

१. आधी कॅलेंडर, मग यादी

भिंतीवरचं कॅलेंडर काढून घ्या. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळता का? या आठवड्यात संकष्टी, एकादशी येते का? ज्या दिवशी मासे-अंडी चालत नाहीत ते दिवस आधी खोडा. यादी हे न बघता केली की बुधवारी आणलेले बांगडे गुरुवारी तसेच पडून राहतात.

आमच्या घरी रविवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार हे चार दिवस मोकळे असतात. रविवार आणि बुधवार मासळी, मंगळवार आणि शुक्रवार अंडी. सोमवार, गुरुवार, शनिवार फक्त कडधान्यं, दूध, दही. एवढं ठरलं की निम्मं काम झालं.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताज्या मासळीच्या जागी सोडे, सुकट, सुके बांगडे किंवा खाडीची मासळी लिहा, नाहीतर अंडी आणि कडधान्यं वाढवा.

२. किती लागतं ते मोजा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रोटीन हवं. ६० किलोच्या माणसाला ते साधारण ५० ग्रॅम होतं. हिशोबाला सोपं आणि थोडं सैल म्हणून मी किलोला एक ग्रॅम धरते. व्यायाम करणाऱ्याला, शेतात राबणाऱ्याला यापेक्षा जास्त लागतं.

थांबा: घरात मूत्रपिंडाचा आजार असलेलं कोणी असेल तर त्यांचं प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. युरिक अॅसिड वाढून होणाऱ्या संधिवाताचा त्रास असेल तर मासळी आणि कडधान्यांबद्दलही विचारा.

आता आमच्या घराचा हिशोब. तिघांची वजनं मिळून १८० किलो, म्हणजे रोज १८० ग्रॅम. भात, भाकरी, घावनं मिळून माणशी साधारण २५० ग्रॅम कोरडं धान्य रोज लागतं. तांदूळ आणि नाचणी दोन्हींत १०० ग्रॅमला ७ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, त्यामुळे तिघांचे ५० ग्रॅम इथूनच येतात. उरले १३०. सात दिवसांचे ९१० ग्रॅम.

ते असे भरतात. कडधान्यं आणि डाळी मिळून पावणेदोन किलो कोरडी. १०० ग्रॅमला सरासरी २२ ग्रॅम धरले तर ३८५ ग्रॅम. अंडी २१, एकात साधारण ६ ग्रॅम, म्हणजे १२६. दूध रोज एक लिटर, त्यातलं अर्धं दह्याला. लिटरला साधारण ३२ ग्रॅम, आठवड्याचे २२४. साफ केलेली मासळी दोन वेळा अर्धा-अर्धा किलो, १०० ग्रॅमला १९ धरून १९०. एकूण ९२५. शेंगदाणे (१०० ग्रॅमला साधारण २५) आणि सोयाबीनच्या वड्या (५० च्या वर) मी यात धरत नाही. ज्या आठवड्यात मासळी मिळत नाही त्या आठवड्याची भर त्यांनी काढायची.

दोन गैरसमज या टप्प्यावर नेहमी दिसतात. पहिला खोबऱ्याचा. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला तीन-चार ग्रॅमच प्रोटीन असतं, बाकी बहुतेक पाणी आणि तेल. सोलकढी पिऊन प्रोटीन मिळत नाही. दुसरा वाटीचा. पातळ आमटीच्या वाटीत डाळ असते जेमतेम १५-२० ग्रॅम, म्हणजे प्रोटीन तीन-चार ग्रॅम. तेच घट्ट उसळीच्या वाटीत ४० ग्रॅम कडधान्य असेल तर नऊच्या जवळ. पाणी कमी करा, हाच सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

३. खरेदी

कडधान्यांची माझी वाटणी: मूग ४०० ग्रॅम, कुळीथ ३००, काळे वाटाणे २५०, चवळी २५०, कडवे वाल २५०, तूर किंवा मसूर डाळ ३००. तुमच्याकडे वाल कुणी खात नसेल तर मटकी घ्या, हट्ट नाही. पण सगळं एकाच कडधान्यावर टाकू नका. चौथ्या दिवशी घरचे ताट सरकवतात.

कडधान्य गेल्या वर्षीचं आहे का ते विचारून घ्या. जुनं कडधान्य कितीही शिट्ट्या केल्या तरी शिजत नाही आणि मोडही अर्धवट येतात. पावसाळ्यात डब्याच्या तळाशी पीठ दिसलं तर कीड लागली समजा. शेंगदाण्यात काळे, सुरकुतलेले, कडू दाणे निघाले तर ते वेचून टाका. बुरशी लागलेला दाणा भाजल्याने चांगला होत नाही.

मासळीची खरेदी रविवारी सकाळी, आणि घरून निघतानाच थर्मासची पेटी किंवा जाड पिशवीत बर्फ. बांगड्याचा कल्ला उचलून बघा, आत लालभडक हवा. डोळा फुगीर आणि काळाभोर. पाठीवर बोट दाबलं की खळगा लगेच भरून आला पाहिजे. वास समुद्राचा हवा, अमोनियासारखा झोंबणारा नको.

हे नीट वाचा: बांगडा, तारली, कुपा, सुरमई या जातीच्या मासळीत ऊन लागलं किंवा बर्फ उशिरा पडला तर हिस्टामीन नावाचं द्रव्य तयार होतं. ते तळून जात नाही, उकळून जात नाही, गोठवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंडाला चुणचुण, चेहरा लाल, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात. तेव्हा ‘घरी नेऊन कडक तळू’ हा विचार कामाचा नाही. बाजारातून थेट घरी या, वाटेत कुणाकडे चहाला थांबू नका.

४. भिजत घालणं: शुक्रवारपासून

रविवारी सकाळी कडधान्य भिजत घालणाऱ्याचा रविवार वाया जातो. क्रम असा ठेवा.

शुक्रवारी सकाळी वाल. त्यांना भिजायला, मोड यायला आणि मग सोलायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

शुक्रवारी रात्री मूग २०० ग्रॅम आणि कुळीथ १०० ग्रॅम, मोडासाठी. शनिवारी सकाळी पाणी ओतून द्या, दोनदा धुवा, चाळणीत निथळत ठेवा आणि वर ओलं कापड.

शनिवारी रात्री काळे वाटाणे आणि चवळी, आणि घावनांसाठी उरलेले २०० ग्रॅम मूग. उरलेल्या २०० ग्रॅम कुळथाची पिठी होणार आहे, ते भिजवायचे नाहीत.

मोडांच्या बाबतीत आपल्या हवेचं वेगळं गणित आहे. बाहेर फडक्यात घट्ट बांधून टांगायची पद्धत देशावर चालते. इथे एप्रिल-मेच्या उकाड्यात गाठोड्याच्या मध्यभागी वाफ धरते आणि दाणे चिकट होतात. म्हणून गाठोडं नको, चाळणीत पसरून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ साध्या पाण्याने धुवा. उन्हाळ्यात भिजवणाचं पाणीही एकदा मध्ये बदला.

तपासणी: मूठभर मोड नाकाशी धरा. हिरवा, कच्च्या शेंगेसारखा वास आला तर बरोबर. आंबूस आला किंवा बोटांना तार लागली तर ते टाकून द्या, शिजवून वाचवायला जाऊ नका.

भिजवणाचं पाणी टाकायचंच. गॅसेसचा त्रास त्याने बराच कमी होतो. ज्या घरात इतके दिवस आठवड्याला एकच उसळ होत होती तिथे पहिल्या आठवड्यात पावणेदोन किलो कडधान्य एकदम आणू नका. किलोभरापासून सुरुवात करा, हिंग-ओवा फोडणीत घाला, दोन-तीन आठवड्यांत पोटाला सवय होते.

५. रविवार: आधी मासळी

बाजारातून आल्यावर दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. मासळी साफ करा, कापा, थंड पाण्याने धुवा, निथळवा. दोन वाटे करा. पहिला दुपारच्या जेवणाचा. दुसरा बुधवारचा: त्याला हळद आणि कोकमाचं आगळ चोळा, मीठ फार थोडं, आणि तुकडे एकमेकांना न चिकटता डब्यात एका थरात मांडून लगेच फ्रीजरला. मीठ भरपूर लावून गोठवलं की मासा पाणी सोडतो आणि बुधवारी तव्यावर मोडतो.

मग विळी, पाट, सिंक, ओटा साबणाने धुवून कोरडा करा. कच्च्या मासळीचा हात आणि शिजलेल्या कडधान्याचा हात एक झाला की पुढची सगळी मेहनत धोक्यात येते. याच कारणाने मासळी पहिली.

६. कुकर, एकामागून एक

क्रम लवकर शिजणाऱ्याकडून वेळ लागणाऱ्याकडे नको, उलटा हवा. काळे वाटाणे आधी, कारण त्यांना सहा-सात शिट्ट्या आणि मग मंद गॅसवर दहा मिनिटं लागतात. तोवर तुम्ही वाल सोलत बसा. मग मोडाचे कुळीथ, तीन-चार शिट्ट्या. मग चवळी, दोन. शेवटी मोडाचे मूग, ते कुकरमध्ये नकोच; पातेल्यात झाकण ठेवून आठ-दहा मिनिटांत होतात. सोललेले वाल हलक्या हाताने, झाकणावर पाणी ठेवून. बिरडं मोडलं की त्याची चव जाते, आणि चार दिवसांनी गरम करताना त्याची पेज होते.

शिजवताना फक्त मीठ, हळद, हिंग. कोकम किंवा टोमॅटो या टप्प्यावर अजिबात नको. आंबट पदार्थ पडला की दाण्याची साल शिजायची थांबते. ‘वाटाणे शिजतच नाहीत’ म्हणून तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांनी कुकरमध्येच आमसुलं टाकलेली असतात.

तपासणी: दाणा दोन बोटांत दाबा. आख्खा राहून दबला पाहिजे, पिठूळ झाला तर जास्त झालं. थोडा कमीच शिजलेला बरा, कारण परत गरम करताना तो आणखी शिजतो.

कुळथाचं शिजवणाचं पाणी ओतू नका. त्यात ताक घालून, लसणीची फोडणी देऊन रविवारी रात्रीच कळण करा. ते उद्यावर ठेवायचं नाही.

कुकर चालू असताना दुसऱ्या शेगडीवर नऊ अंडी: थंड पाण्यात ठेवून उकळी आली की बारा मिनिटं, मग गार पाणी. सोलायची नाहीत, सालीसकट फ्रीजमध्ये ठेवली तर आठवडाभर टिकतात. बाकीची बारा कच्चीच राहू द्या.

७. पिठी आणि वाटण

उरलेले कुळीथ कोरड्या कढईत मंद आचेवर भाजा. सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं. दहाएक मिनिटांनी दाणे तडतडायला लागतात, घरभर मातकट-खरपूस वास पसरतो, आणि दाणा दाताखाली कुरकुरीत फुटतो. त्या क्षणी उतरवा. करपले तर पिठी कडू होते. भरडून सालं पाखडा, बारीक दळा, हवाबंद डब्यात भरा. ही पिठी महिनाभर टिकते, आणि दमून घरी आलेल्या संध्याकाळी दहा मिनिटांत जेवण होतं. माझ्या मते या सगळ्या तयारीतली सर्वात उपयोगी गोष्ट हीच आहे.

पिठी करताना एकच चूक होते: उकळत्या पाण्यात कोरडी पिठी टाकली की गोळ्या होतात. आधी थंड पाण्यात सरबरीत कालवा, मग लसूण-मिरची-कोकमाच्या उकळत्या पाण्यात धार धरून ओता आणि ढवळत राहा. तिघांना साधारण ६० ग्रॅम पिठी लागते.

वाटणाचं थोडं सविस्तर सांगते, कारण आठवडा इथेच फसतो. वाटण दोन प्रकारचं. कांदा आणि सुकं खोबरं तेलात काळपट भाजून, गरम मसाल्यासह, शक्य तितक्या कमी पाण्यात वाटलेलं. ते फ्रीजमध्ये चार दिवस राहतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर दोन-तीन आठवडे. एका उसळीला तीन-चार वड्या पुरतात. दुसरं ओल्या खोबऱ्याचं हिरवं किंवा लाल वाटप. हे फ्रीजमध्येही दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवू नका. रोज वाटायचं नसेल तर नारळ खवून, कोरडा कीसच छोट्या पिशव्यांत गोठवा आणि रोज एक पिशवी काढा.

माझ्या हातून एकदा हे झालं आहे. श्रावणातला रविवार, सोळा माणसांच्या बेताने काळ्या वाटाण्याची उसळ केली, ओलं खोबरं सढळ हाताने घातलं. टोप खोल, झाकण लावलेलं, ‘निवली की फ्रीजमध्ये ठेवू’ म्हणून ओट्यावरच राहिला. संध्याकाळी लाईट गेली ती रात्री उशिरा आली. सकाळी झाकण उघडलं तर वर बारीक बुडबुडे, आणि चमचा घातला की तार. सगळी उसळ माडाच्या आळ्यात गेली. बाहेरून टोप गार लागत होता, मध्यभाग रात्री दहापर्यंत कोमट होता. त्या दिवसापासून पुढचा टप्पा मी कधी टाळला नाही.

८. निववणं

अन्न खराब होतं ते निवताना. शिजलेलं कडधान्य कुकरमधून थेट परातीत पसरा, दोन इंचांपेक्षा जाड थर नको. परात पाण्याने भरलेल्या दुसऱ्या मोठ्या घमेल्यात ठेवा, पंख्याखाली, वर जाळी. अधूनमधून हलवा. अर्ध्या-पाऊण तासात हाताला गार लागतं. काहीही झालं तरी गॅस बंद केल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. मे महिन्यातल्या दुपारी मी एक तासच धरते.

भात या यादीत नाही, तो मुद्दाम. भातात असलेले काही जंतू शिजवूनही बीजरूपात राहतात, आणि भात बाहेर कोमट पडून राहिला तर ते वाढून विष तयार करतात, जे परत गरम केल्याने जात नाही. भात रोज लावा. रात्रीचा उरला तर लगेच फ्रीजमध्ये आणि सकाळी फोडणीला. ओट्यावर रात्रभर राहिलेला नको.

९. डबे, चिठ्ठ्या, फ्रीजची जागा

एका जेवणाला एक डबा. हा नियम मोडायचा नाही. मोठ्या डब्यातून रोज चमच्याने काढलं की रोज उघडणं, रोज ओला चमचा, रोज बाहेरची दमट हवा आत.

डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून तीन गोष्टी लिहा: काय, कधी शिजवलं, कोणत्या वाराला. ‘चवळी, रवि, गुरु’. एवढं पुरतं.

शिजलेलं कडधान्य फ्रीजमध्ये तीन दिवस. म्हणून काळे वाटाणे (सोमवार) आणि मूग (मंगळवार) फ्रीजमध्ये, मोडाचे कुळीथ बुधवारच्या सकाळसाठी तिथेच. चवळी, वाल फ्रीजरमध्ये. डबा काठोकाठ भरू नका, बोटभर जागा सोडा. गोठताना पाणी फुगतं आणि काचेचा डबा तडकतो. आईस्क्रीमचे रिकामे प्लास्टिकचे डबे गोठवायला चालतील, पण गार झालेलंच अन्न त्यात भरा.

फ्रीजमध्ये कच्ची मासळी नेहमी सगळ्यात खाली, झाकणाच्या डब्यात. दूध-दही वर. फ्रीज पाच अंशांखाली असायला हवा. दाराजवळ पाण्याचा पेला ठेवून तो तासाभरातही दातांना कळण्याइतका गार होत नसेल तर बटण एक आकडा वाढवा. आणि फ्रीज ठासून भरू नका. मध्ये हवा खेळली नाही की मागचा डबा गोठतो आणि पुढचा आंबतो.

१०. रोजची वीस मिनिटं

सकाळी उठल्यावर त्या वाराचा डबा बाहेर काढा. फ्रीजरमधला असेल तर आदल्या रात्रीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. मासळी ओट्यावर वितळवायची नाही. बाहेरून वितळते, आत बर्फ, आणि वरचा थर तोवर खराब व्हायला लागलेला असतो.

आमचा आठवडा असा जातो. रविवारी दुपारी ताज्या मासळीचं तिखलं, रात्री कळण-भात आणि उकडलेली अंडी. सोमवारी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या, रात्री पिठी-भात. मंगळवारी सकाळी भिजवलेल्या मुगाची घावनं (वाटलेलं पीठ फ्रीजमध्ये दोन दिवसच), दुपारी मुगाची उसळ, रात्री अंड्याची आमटी. बुधवारी सकाळी मोडाचे कुळीथ परतून, दुपारी गोठवलेली मासळी तळून, सोबत डाळ. गुरुवारी चवळी. शुक्रवारी उरलेल्या कच्च्या अंड्यांची भुर्जी, रात्री पिठी. शनिवारी डाळिंब्यांची, म्हणजे सोललेल्या वालांची उसळ आणि नाचणीची भाकरी. दही रोज दुपारी, माणशी वाटीभर. कडधान्य आणि भात-भाकरी एकाच जेवणात आले की एकात कमी असलेले घटक दुसऱ्यातून भरून निघतात, त्यामुळे उसळ नुसती वाटीत खाण्यापेक्षा भाकरीशी खाणं चांगलं.

फोडणी, भाजक्या वाटणाच्या वड्या, मग शिजलेलं कडधान्य, खळखळून उकळी, त्यानंतर कोकम, आणि गॅस बंद करायच्या आधी दोन मिनिटं ओलं खोबरं. सगळा डबा एकदाच गरम करायचा. उरलेलं परत फ्रीजमध्ये आणि परत गॅसवर, असं नको.

सुकी मासळी वापरणार असाल तर ती कोमट पाण्यात दोनदा धुवून घ्या. रक्तदाब असलेल्यांनी ती रोजच्या प्रोटीनची जागा धरू नये, मीठ फार असतं. मेमध्ये भरून ठेवलेले सोडे जूनमध्ये मऊ लागले तर कढईत कोरडे गरम करून, गार करून, फ्रीजरला टाका.

११. लाईट गेली तर

हे इथे वेगळं लिहावं लागतं, कारण पावसाळ्यात हे होणारच. दार उघडायचं नाही. बंद फ्रीज साधारण चार तास गार राहतो. भरलेला फ्रीजर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. म्हणून फ्रीजरमध्ये रिकामी जागा असेल तिथे पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा.

फ्रीजरमध्ये एका वाटीत बर्फ करून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. तुम्ही गावी असताना लाईट जाऊन आली असेल आणि नाणं वाटीच्या तळाला गेलेलं दिसलं, तर बर्फ वितळून परत गोठला आहे. त्या फ्रीजरमधली मासळी टाका, वास चांगला येत असला तरी. चार तासांपेक्षा जास्त वेळ गेलेल्या फ्रीजमधल्या शिजलेल्या कडधान्याचंही तेच.

१२. शुक्रवारी सकाळचा हिशोब

पुढच्या आठवड्याचे वाल भिजत घालायच्या आधी फ्रीज उघडून कोणते डबे तसेच राहिले ते बघा. चवळीचा डबा सलग दोन आठवडे उरला तर चवळी निम्मी करा आणि तेवढे मूग वाढवा. अंडी सात उरली तर पुढच्या आठवड्यात पंधराच आणा. कोणत्या वारी बाहेरचं खाल्लं तेही कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत तुमच्या घराचं खरं माप त्या पानावर दिसायला लागतं, आणि मग माझे आकडे बाजूला ठेवून त्याच मापाने वाल मोजा.